बंडूजींचा दमा

“तिसऱ्या दिवशी” हे दोन शब्द मी एकट्यानंच म्हटले, आणि त्या वेळी देवळात माझ्याशिवाय कोणीही काही बोलत नव्हतं. झालं ते एवढंच. छप्पर कोसळलं नाही की कोणाला भोवळ आली नाही. दिवाळीनंतरचा रविवार, वर्ध्यातलं आमचं ते बैठं, कौलारू ख्रिस्ती देऊळ, आणि पुढं उभं राहून मंडळीकडून विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेचा तो पाठ, म्हणवून घेणारा मी, याकोब मास्तर, नववीला भूमिती शिकवणारा. आमच्या मंडळीची एक जुनी खोड आहे. अंगीकार म्हणताना “मेला, पुरला गेला” इथवर सगळे एका सुरात येतात आणि मग गप्प होतात. चांगला लांब श्वास घेऊन सोडावा इतका वेळ गप्प. मग “तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला”पासून सगळे एकदम सुरू. लहानपणी मीही असाच थांबत होतो. पण पुढं कॉलेजसाठी नागपूरला राहिलो, तिथल्या मोठ्या देवळात कोणी थांबत नाही, आणि माझी जीभ तिकडची झाली. मी भरधाव पुढं निघून गेलो आणि मंडळी मागं राहिली. चूक लक्षात येऊन मी थांबलो, तर ते सुरू झाले. त्यांना गाठावं म्हणून मी भलतीच ओळ धरली. पाचदहा क्षण एकाच देवळात दोन अंगीकार चालले होते. बायांच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडात कोंबला. माझी बायको कोकिळा हसली, हे मला चष्म्यातून चांगलं दिसलं.

हसण्याचं मला काही नाही. मास्तरकी करतो म्हटल्यावर हसण्याचं वावडं ठेवून चालत नाही. पोट्टे रोजच हसतात. पण त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो मला ओळखू आला नाही. जन्मात कधी मी हे शब्द एकट्यानं म्हटले नव्हते. आत्याबाईच्या मांडीवर बसून म्हटले, शाळेत रांगेत म्हटले, लग्नात म्हटले, सगळं दहाजणांच्या आवाजात माझा आवाज मिसळून. आता तो उघडा पडला, आणि कोणीतरी आतून विचारलं, का हो मास्तर, हे तुम्ही म्हणताय काय? तुम्हाला हे माहीत आहे? वर्गात कोणी पोट्टा “कर्ण म्हणजे सगळ्यात मोठी बाजू” असं घोकून म्हणाला, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावतो आणि म्हणतो, दाखव. इथं मला कोणी फळ्यापाशी बोलावलं असतं तर माझ्या हातात खडूसुद्धा नव्हता. उपासना संपली, पाळक मोतीलालजींनी हात धरून “सलाम मास्तर, दौड चांगली झाली” म्हटलं, मी हसलो, बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढलं, आणि किल्ली खिशात टाकायची ती गवतात टाकली.

यात घाबरण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. सांगतो. पुढल्या रविवारी माझ्या पोरीचा बाप्तिस्मा होता. आमच्याकडे रीत अशी की ज्या घरचं लेकरू, त्या घरच्या बापानं आदल्या रविवारी पुढं उभं राहून मंडळीकडून अंगीकार म्हणवून घ्यायचा, म्हणजे रंगीत तालीम. आणि खुद्द त्या दिवशी पाण्याच्या भांड्यापाशी उभं राहून आपल्या तोंडानं सुरुवात करायची, मंडळीनं मागून साथ द्यायची. बाप म्हणत नसेल तर पाणी नाही. हा नियम पहिल्या लोकांनी, म्हणजे आमच्यात ज्यांनी आधी बाप्तिस्मा घेतला त्यांनी, घालून दिलेला, आणि आमच्याइथं पहिल्या लोकांचं नाव निघालं की बाकीचे खाली बसतात. पोरगी चार महिन्यांची, गोबरी, डोक्यावर केस म्हणावे तर नाहीत. तिच्यासाठी कोकिळानं पांढरं झबलं शिवून ठेवलेलं, आणि आत्याबाईनं, म्हणजे माझी आई गेल्यावर जिनं मला वाढवलं त्या आनंदाबाईनं, आधीच जाहीर केलेलं, “पोट्टीले हातावर मीच घेईन. कोनी मधात येऊ नका.” गुडघे धरलेले, तरी उभी राहणार. आणि मी मात्र सायकल हातात धरून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, ज्याची मला खात्री नाही ते मी पोरीच्या डोक्यावर कसं म्हणू? खोटं बोलून पोरीचं नाव कसं ठेवू?

जेवताना आत्याबाईनं विषय काढलाच. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “काऊन रे, बंडूजीले मागं सोडून कुठी पळत होता?” कोण बंडूजी, असं मी विचारलं. आणि मग ते निघालं. आत्याबाई दहा-बारा वर्षांची असताना, देवळीकडच्या वावरांत कापूस वेचायला ही सगळी मंडळी जात होती. लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं. बंडूजी उपदेशक त्यांच्याबरोबर वेचायला उतरायचे, स्वतः एक तास, म्हणजे कपाशीची एक रांग, धरायचे आणि वेचता वेचता एकेक शब्द म्हणायचे. दोन्ही बाजूंच्या तासांतून बाया, माणसं, लेकरं मागून म्हणायची. संध्याकाळी ओटीत कापूस आणि तोंडात अंगीकार. “आन् बंडूजीले होता दमा. पुरला गेला म्हटलं का त्याचा दम सरे. मंग तो उभा राहे, छातीवर हात ठेवे, श्वास घे, आन् मंग म्हणे तिसऱ्या दिवशी. आमाले वाटलं, असंच असते. आमी बी थांबो.” मी भाकरी तशीच धरून बसलो. लहानपणी मला सांगितलं होतं की ती शांतता कबरेपुढची आहे. कोणी विलायती साहेब येऊन गेले होते, त्यांच्या डोळ्यांत त्या शांततेनं पाणी आलं होतं म्हणे, खेडवळ लोकांचा केवढा हा भक्तिभाव! आणि तो दमा होता. पन्नास वर्षं दीडशे माणसं एका मेलेल्या माणसाच्या दम्यासाठी दर रविवारी थांबत होती. कोकिळा हसता हसता पोरीसकट भिंतीला टेकली. मीही हसलो. पण हसताना डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला, गुडघाभर पऱ्हाटीत, छातीवर हात, आणि दोन्हीकडच्या तासांतली लेकरं त्याच्या तोंडाकडे पाहत थांबलेली. मला ते पुसून टाकता येईना.

आत्याबाई लवंडल्यावर मी कोकिळाला सांगून टाकलं. म्हटलं, पुढल्या रविवारी माझ्यानं हे म्हणवणार नाही. माझं नाही ते. लोकांनी पाठ केलेलं, लोकांनी पाठ करवलेलं. ती झबल्याला गुंडी लावत होती. वर न पाहता म्हणाली, “तुमच्या भूमितीतलं कोणतं प्रमेय तुम्ही शोधलंय?” मी म्हटलं, तो प्रश्न वेगळा, ते मी सिद्ध करून दाखवू शकतो. “मग करा की हेही. कोणी नको म्हटलंय? पण सिद्ध व्हायच्या आधी तुम्ही शिकवायला लागता ना? का पोरांना सांगता, थांबा रे बाबांनो, माझी खात्री पटू द्या?” मी म्हटलं, तुला चेष्टा सुचते. तेव्हा तिनं सुई खाली ठेवली. “मला चेष्टा सुचत नाही. मला झबलं सुचतं. आत्याबाईंचे गुडघे सुचतात. तुम्हाला नसेल म्हणायचं तर आत्ताच मोतीलालजींना जाऊन सांगा, शनिवारी रात्री सांगू नका.” तिचा आवाज बारीक झाला होता. पोरगी जागी झाली आणि दोघांनाही तिच्याकडे पाहायचं निमित्त मिळालं.

तो आठवडा मी शाळेत होतो आणि नव्हतो. फळ्यावर त्रिकोण काढत होतो, आणि मनात आपला स्वतःचा अंगीकार जुळवत होतो. कारण मला वाटलं, सोपं आहे. मला जे खरंच पटतं तेवढंच लिहायचं, स्वच्छ, आजच्या भाषेत, सुशिक्षित माणसाला शोभेलसं, आणि पाळकांना म्हणायचं, मी हे म्हणतो. सोमवारी लिहिलं ते मंगळवारी मलाच भाबडं वाटलं. मंगळवारचं बुधवारी थंड वाटलं. एक वाक्य निसर्गाबद्दल होतं, ते इतकं छान उतरलं की मला संशय आला आणि मी ते खोडलं. आणि गंमत अशी की लिहिता लिहिता कळलं, जुन्यातलं बरंचसं मला मान्यच आहे. आकाश आणि पृथ्वी यांचा कोणी कर्ता आहे, मान्य. क्षमा आहे, मान्य. तिच्यावाचून माझं एक दिवस भागणार नाही, कोकिळाला विचारा. मी अडत होतो तो एका ओळीवर, देहाचं पुनरुत्थान. देह म्हणजे हाडं, मांस, आत्याबाईचे गुडघे. नागपुरात विज्ञान शिकलेल्या माणसाच्या घशात ते उतरत नव्हतं. आणि ही तीच ओळ, जी आत्याबाई सगळ्यांत जोरात म्हणते. सबंध अंगीकारभर ती पुटपुटते, पण ती ओळ आली की मान ताठ करून असा आवाज लावते की वाशांवरच्या चिमण्या उडतात. लहानपणी तिच्याजवळ बसून मला वाटायचं, ही देवाला बजावून सांगते आहे. पुढं कळलं की सन अठराच्या मानमोडीच्या साथीत तिनं एका आठवड्यात दोन लेकरं मातीत ठेवली होती, कांता नावाची मुलगी आणि तिच्या पाठचा. त्यांच्याबद्दल ती कधी बोलत नाही. जे बोलायचं ते ती रविवारी बोलते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी कागद घेऊन मोतीलालजींकडे गेलो. पाळकसाहेब अंगणात सायकल उलटी करून पंक्चर शोधत होते, बाही वर, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब. ओल्या हातानं त्यांनी कागद धरला आणि सगळा वाचला. “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले. मी वाट पाहिली. “सुरुवात ‘मला असे वाटते की’ अशी का?” मी म्हटलं, कारण मला तेवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. “खरं आहे. पण मास्तर, ‘मला असे वाटते’ म्हणून लेकराच्या डोक्यावर पाणी टाकलं तर ती मोठी होऊन विचारेल ना, बाबा, आता काय वाटतं?” आणि खो खो हसले. मला राग आला. मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलावं? तेव्हा ते हसायचे थांबले. “नाही. खोटं बोलू नको. पण अंगीकार तू आपल्या पोटातून काढून दाखवायची गोष्ट आहे, असं तुला कोणी सांगितलं? ती सांगून ठेवलेली गोष्ट आहे. तुझ्याआधी पुष्कळांनी तिच्यावर भार टाकून पाहिला, कोणी दुष्काळात, कोणी साथीत. तू कालपासून टाकतोयस. थोडा दम धर.” मग त्यांना पाण्यात बुडबुडा दिसला, “सापडलं!” म्हणून ते ओरडले आणि माझा कागद त्यांनी सायकलीच्या चाकाखाली अडकवला, उडू नये म्हणून. मी तो परत मागितला नाही.

पटलं होतं असं नाही. माणूस बोलण्यात हरतो म्हणून काही त्याला पटत नाही. घरी येताना इतवारा बाजाराच्या गर्दीतून सायकल ढकलत मी स्वतःशी भांडत होतो, की दुसऱ्यांनी भार टाकून पाहिला ते दुसऱ्यांचं. दारात आलो तर शेजारच्या ओट्यावर भैयाजी बसलेले. भैयाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आमची भिंत एक. दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हापासून घरी आले की धुतलेले पांढरे कपडे घालायचे, आणि बाविसाच्या बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायचे. मधेच अडले की पुन्हा पहिलीपासून. त्यांची बायको आतून पुढचा शब्द सांगायची, ते रागवायचे, “सांगू नको ना! मलेच येऊ दे.” मला त्यांचा हेवा वाटायचा, उघड सांगतो. त्या माणसाच्या तोंडावर नवी झळाळी होती. त्यानं स्वतः घेतलं होतं.

मला पाहून म्हणाले, “मास्तर, तुमाले बरं हाये. तुमचं लहानपनीच पाठ होते.” मी म्हटलं, “तेच तर दुखणं आहे, भैयाजी. तुम्ही आपल्या तोंडानं घेतलं. माझ्या तोंडात दुसऱ्यांनी घातलं.” मी हे सहज म्हटलं, पण भैयाजींचा चेहरा पडला. ओट्याच्या कडेची माती नखानं खरवडत ते म्हणाले, “म्हंजे माह्या पोट्ट्याचा पोट्टा बी उद्या असंच म्हणन का? का हे बुढ्यानं घातलं, माहं नोहे?”  त्यांच्यासमोर तर त्यांच्या पोट्ट्याचा पोट्टाच उभा होता. आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा घेतलेला माझा आजा नत्थूजी असाच कुठल्या तरी ओट्यावर बसला असेल, असेच धुतलेले कपडे, असाच अडत, असाच चिडत, पुन्हा पहिल्यापासून. गावानं तोंड फिरवलेलं आणि याच्या तोंडावर झळाळी. त्याला कधी वाटलं असेल का, की आपला नातू चष्मा पुसून म्हणेल, हे माझं नाही? मला एकदम त्या म्हाताऱ्याची लाज वाटली, म्हणजे त्याच्यापुढं माझी. मी ओट्यावर बसलो आणि विचारलं, “आणि तसं म्हणालाच तो, तर काय कराल?”

“काय करीन? दोन ठेवून देईन.” मग स्वतःच हसले. “नाई, नाई. ऐका मास्तर. दसऱ्याले मी तठी उभा होतो. माणूसच माणूस. माहा आवाज मले बी ऐकू येत नोव्हता. आन् खोटं नाई सांगत, ऐकू येत नोव्हता म्हणूनच मले म्हणता आलं. अठी ओट्यावर एकटा म्हणतो तं चौथीतच अटकतो. तं मी त्या पोट्ट्याले म्हणीन, बाप्पा, तुले नाई म्हणाचं तं नको म्हणू. पण बाजूले उभा तं राह्य. आमी म्हणतो, तू उभा राह्य.” आतून त्यांची बायको म्हणाली, “चौथीत नाई, पाचवीत अटकता.” भैयाजी म्हणाले, “आता ह्यात बी!” आणि मला इतकं हसू आलं, इतकं मोकळं हसू आलं, की कोकिळा दारात येऊन पाहू लागली.

रात्री मी तिला सांगितलं, मी म्हणतो रविवारी. जेवढं येतं तेवढं म्हणतो. त्या एका ओळीला गप्प राहीन. ती आत्याबाई म्हणेल, मंडळी म्हणेल, मी उभा राहीन. ती म्हणाली, “मोतीलालजींना सांगितलंत?” ते सांगितलं मी शनिवारी जाऊन. ते म्हणाले, “गप्प राहा, पण तोंड मिटून राहा, ओठ हलवू नको. ओठ हलवणं ते खोटं.” एवढ्या मोकळेपणानं कोणी मला खोटं न बोलायला मदत केली नव्हती.

रविवारी देऊळ भरलं होतं. पोरगी झबल्यात झोपलेली, आत्याबाईच्या हातावर. आत्याबाई नऊवारी नेसून, गुडघे विसरून, शिपायासारखी उभी. मी सुरुवात केली आणि माझा आवाज पहिल्या तीन शब्दांनंतर मला ऐकू आला नाही, कारण मागून सगळे आले. मला फार बरं वाटलं. “पुरला गेला”शी सगळे थांबले, मीही थांबलो, बंडूजींनी दम घेतला, आम्ही निघालो. ओळीमागून ओळ जात होती, आणि मी पुढच्या त्या ओळीसाठी तोंड मिटायच्या तयारीत होतो. ती आली. मंडळीनं ती म्हणायला घेतली. आणि मला जाणवलं की आत्याबाईचा आवाज नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्या ओळीत तिचा आवाज नव्हता. मी वळून पाहिलं. मान खाली, ओठ थांबलेले, डोळे पोरीवर. मला सगळं एकदम कळलं असं वाटलं. हातावर चार महिन्यांचं लेकरू, पांढरं झबलं, आणि तिला कांता आठवली असणार, कांताच्या पाठचा आठवला असणार. अडतीस वर्षं बजावून सांगणारी बाई आज थकली. आता ही ओळ तिच्यावाचून जाईल. हे मला सहन होईना. मला पटलंय की नाही हे विचारायला वेळच नव्हता. तिची ती ओळ खाली पडू नये एवढंच मला कळत होतं, आणि मी ती म्हटली. म्हटली कसली, ओरडलो. वाशांवरच्या चिमण्या उडाल्या. पाळकांच्या हातातलं पाणी हिंदकळलं. पोरगी दचकून उठली आणि तिनं टाहो फोडला, आणि बाकीचा अंगीकार आम्ही तिच्या रडण्याच्या वरून कसाबसा पार पाडला, “आमेन” तर कोणालाच ऐकू गेलं नाही.

बाप्तिस्मा झाला. बाहेर उन्हात सगळे गुळाचा चहा पीत होते, आणि आत्याबाई पोरीला खांद्यावर थोपटत माझ्याकडे आली. माझे डोळे अजून भरलेले होते. तिनं विचारलं, “काऊन रे, एवढा कायले वरडला? लेकरू घाबरलं ना.” मी म्हटलं, “तू थांबलीस म्हणून, आत्याबाई. मला वाटलं तुला कांता...” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “मी कायले थांबीन? पोट्टीनं माहं बोट धरलं झोपीत. केवढी घट्ट मूठ, बाप्पा! मी ते पाहून राह्यलती. मले कुठी भान का कोनती ओळ आली.”  मग मोठ्या माणसानं खरं बोलावं म्हणून म्हटलं, “मी ती ओळ म्हणणार नव्हतो. मला ती अजून पटलेली नाही.”

आत्याबाईनं पोरगी माझ्या हातात दिली आणि पदरानं माझा चष्मा पुसला, तो माझ्या नाकावर असतानाच.

“म्हटली तं म्हटली,” ती म्हणाली. “पुढल्या आयतवारी माह्यासंगं म्हणजो.”